बारा बाल्कन्या आणि एक बाकडं

एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा : वर्धा रोडकडच्या एका जुन्या लेआउटमध्ये त्यांचं बैठं घर आहे. घराच्या पश्चिमेला ३० बाय ४० फुटांची मोकळी जागा. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडे ओसाकाला महिनाभर राहून आले आणि येताना डोक्यात जपानी बाग घेऊन आले. दगड आणले, बारीक गिट्टी आणली, वऱ्हांड्यापुढे दगडी बाकडं बसवलं. तेवढ्यात शेजारचा जुना बंगला पडला आणि तिथे फ्लॅट स्कीम उभी राहिली. खाली पार्किंग, वर चार मजले, आणि बागेकडे तोंड करून बारा बाल्कन्या. आता गाऊनवर बाहेर येऊन चहा प्यायचीही चोरी झाली आहे, असं त्या लिहितात. नर्सरीवाला म्हणतो, कंपाउंडला लागून कोनोकार्पस लावा, दोन वर्षांत हिरवी भिंत. यजमानांना जपानी मेपल आणि पाइन हवे आहेत. सासूबाई म्हणतात, काहीही लावा पण बांबू दारात आणू नका. आणि ताईंना धाकधूक अशी की चहूबाजूंनी झाकून घेतलं तर फ्लॅटवाले काय म्हणतील. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी सासूबाईंच्या रोज सकाळी गप्पा होतात. मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेली दोन संत्र्याची झाडं आहेत. उत्तरेला रस्त्यापलीकडे मोठा कडुनिंब आहे. मापांचा कच्चा नकाशा सोबत जोडला आहे. प्रश्न एकच : आडोशाला कोणती झाडं लावू?

ताई, झाडांची नावं सांगणार आहेच. पण तुमचा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा माझं लक्ष आधी बाकड्याकडे गेलं.

तुमचं, यजमानांचं आणि नर्सरीवाल्याचं बाकी कशावर जमत नसलं तरी एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे : आडोसा करायचा तो कंपाउंडला लागूनच. मला शंका आहे ती तिथेच. जरा हिशेब करू. चौथ्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४५ फुटांवर असतात. तुम्ही बाकड्यावर बसलात की तुमचं डोकं ४ फुटांवर. बाकड्यापासून कंपाउंड २५ फूट, तिथून बाल्कनी आणखी १५, म्हणजे एकूण ४०. तेवढ्या अंतरात वरच्याची नजर ४१ फूट खाली उतरते. जवळपास फुटाला फूट. म्हणजे झाड तुमच्यापासून जितके फूट लांब, त्यात डोक्याचे ४ मिळवायचे, तेवढी त्याची उंची हवी. कंपाउंडला लावलं तर २५ आणि ४, म्हणजे २९ फूट. बाकड्यापासून ४ फुटांवर लावलं तर ८ फूट.

रुंदीचंही तेच. ती इमारत तुमच्या नकाशात ५० फूट लांब आहे. कंपाउंडवर तिला झाकायचं तर तीसेक फुटांची रांग लागेल. बाकड्याजवळ ४ फुटांवर? पाच फूट पुरे. तीन रोपांचं काम आहे हो हे, तीस फूट उंच भिंतीचं नाही.

ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी गुढीची काठी काढावी. एकाने नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने काठी उभी धरून पुढे-मागे सरकायचं. बसलेल्याला काठीचं टोक सगळ्यात वरच्या बाल्कनीतल्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत दिसलं की त्या जागी तेवढी उंची लागते, एवढं कळतं. उभं राहून फिरताना दिसाल ते दिसाल. पण बागेत फिरणाऱ्या माणसाला कोणी पाहिलं म्हणून एवढं वाटत नाही, चहा पिताना पाहिलं की वाटतं. तुमच्याही पत्रात चहाचाच उल्लेख तीनदा आहे.

आणि गंमत म्हणजे, तुमचे यजमान ज्याच्या प्रेमात पडून आले ती बाग असंच करते. जपानी बागांमध्ये सोदेगाकी म्हणून एक प्रकार असतो. सोदे म्हणजे बाही. घराच्या भिंतीपासून बाहीसारखा पुढे आलेला बांबूचा छोटासा आडोसा, दोन-चार फूट रुंद. सगळी बाग तो झाकत नाही. हात धुण्याची जागा, संडासाचं दार, शेजारची खिडकी, असं एखादंच काहीतरी नजरेआड करतो. सगळीकडून बंद केलेली बाग हा आपला समज आहे. तिकडे काय दडवायचं आणि काय दाखवायचं याचाच खेळ चाललेला असतो. क्योतोत एन्त्सुजी नावाचं देऊळ आहे. त्याच्या बागेच्या कडेला कापून बेताच्या उंचीचं ठेवलेलं कुंपण आहे, आणि कुंपणावरून दूरचा हिएइ पर्वत दिसतो. पर्वत त्यांच्या मालकीचा नाही, पण बाग त्याला आपल्यात धरून रचली आहे. याला शाक्केइ म्हणतात, उसनं घेतलेलं दृश्य. पुण्यातली सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केली, तिथेही मिसाओ डोंगर असाच उसना घेतलेला आहे.

तुमच्याकडे हिएइ नाही, पण कडुनिंब आहे! रस्त्यापलीकडचा, तुम्ही पत्रात जाता-जाता उल्लेखलेला. सध्या तुमचं बाकडं पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे तुम्ही रोज सकाळी त्या बारा बाल्कन्यांचंच दर्शन घेता. ते बाकडं दक्षिणेच्या टोकाला न्या आणि उत्तरेकडे तोंड करून ठेवा. चाळीस फुटांची सगळी लांबी समोर येईल, आणि तिच्या शेवटी कडुनिंब. इमारत डाव्या हाताला जाईल. तिथे, हाताच्या अंतराच्या जरा पुढे, तो पाच फुटांचा आडोसा. सगळा मध्यावर नको, थोडा समोरच्या बाजूला सरकवून. दगडी बाकडं हलवायला चार माणसं लागतील, पण तीस फूट वाढायची वाट बघण्यापेक्षा बरं.

आता तुमच्या धाकधुकीबद्दल. बाल्कनीतली माणसं खरंच तुमच्याकडे बघत बसतात का, हे मी विचारणार होते. मग वाटलं, बघत असोत वा नसोत, तुम्हाला चहा गोड लागत नाही हे खरं आहे, आणि तेवढं पुरे. पण दुसरी एक गोष्ट विचारते. आडोसा नक्की कुणाला हवा आहे? तुम्हाला हवा आहे. यजमानांना बहुधा झाडंच हवी आहेत, निमित्त काही का असेना. सासूबाईंना तर अजिबात नको आहे. त्या रोज सकाळी खुर्ची टाकून दुसऱ्या मजल्याशी बोलतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि लगेच पुढच्या ओळीत कोनोकार्पसवर गेलात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी मिळणं सोपं आहे का आजकाल? कंपाउंडभर हिरवी भिंत उभी राहिली तर फ्लॅटवाले काय म्हणतील ते म्हणोत, पण त्यांच्या गप्पा आधी बंद होतील. बाकड्याजवळच्या आडोशाने तसं काही होत नाही. त्यांच्या खुर्चीची जागा, वऱ्हांड्याच्या उत्तर टोकाची, मोकळीच राहते. आणि आपण शेजाऱ्यांवर पडदा ओढला असंही कुणाला वाटत नाही, कारण बागेत तीन झाडं लावली एवढंच वरून दिसतं.

बरं, झाडं.

कोनोकार्पसला माझा साफ नकार. वाढतो झपाट्याने, हे खरं. पण त्याची मुळं पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनींकडे धावतात, परागकणांच्या त्रासाच्या तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये तो लावायलाच बंदी केली. नर्सरीत अजून मिळतो म्हणून लावावा असं नाही.

फायकसचंही तेच सांगते, आणि हे ऐकीव नाही. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी एकाने सांगितलं म्हणून मी कंपाउंडलगत सात फायकस बेंजामिना लावले. दिसायचे फार सुंदर, चकचकीत पानांचे. सहाव्या-सातव्या वर्षी पाण्याच्या टाकीला खालून तडा गेला. उघडून पाहिलं तर आत झाडूसारखी मुळं. काळी माती आधीच पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतींची मुळातच परीक्षा चाललेली असते, त्यात ही मुळं. आणि एकदा झाडाचं झाड झालं की शहरात ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. असायलाच हवी. पण म्हणूनच मोठं होणारं झाड भिंतीला चिकटवून लावताना आधी विचार करायचा.

जपानी मेपल आणि पाइनबद्दल यजमानांना तुम्ही सांगा, माझं नाव घेऊन सांगा हवं तर. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मेपलला थंडीची झोप लागते आणि गारवा लागतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळी वाऱ्यात त्याची पानं कडेने भाजून निघतात. शिवाय त्याला, अझेलियाला, कॅमेलियाला आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची. एक्झोरासुद्धा इथे पिवळा पडतो, तिथे कॅमेलियाचं काय घेऊन बसलात. आपली जागा नाही ती, एवढंच. पैसे घालवून रोप मारण्यात काय हशील?

त्यांची अगदीच हौस असेल तर एक मार्ग आहे, आणि तो त्या फ्लॅट स्कीमनेच करून दिला आहे. इमारत पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात दुपारी साडेतीन-चारनंतर तिची सावली तुमच्या बागेवर येते, म्हणजे उतरत्या दुपारचा चटका ती अडवते. त्या सावलीत, मोठ्या कुंडीत, नर्सरीतून आणलेली माती-खत घालून एखादं पोडोकार्पस ठेवायला हरकत नाही. जपानात त्याची कापून कुंपणं करतात. दुपारी बारा ते तीनसाठी त्याच्यावर जाळी धरावी लागेल, आणि हट्ट तुमचा नाही त्यांचा, तेव्हा पाणीही त्यांनीच घालावं. नांदिनाही चालेल. तिला तिकडे नानतेन म्हणतात आणि नावाच्या उच्चारातून ‘संकट टळो’ असा अर्थ निघतो म्हणून दाराशी लावतात. फक्त तिची लाल फळं विषारी. सुट्टीत नातवंडं येत असतील तर लक्ष ठेवा.

तुम्हाला आतापर्यंत कुणीतरी मधुकामिनी, म्हणजे आपली कुंती, नक्की सुचवली असेल. मीही सुचवली असती. सदाहरित, कापून घेते, पांढरी सुवासिक फुलं, आणि जपानच्या ओकिनावा बेटांवर घरोघरी तिची कुंपणं असतात. यापेक्षा नेमकं झाड सापडणं कठीण. पण तुमच्या मागच्या अंगणात दोन संत्री आहेत. कुंती ही संत्र्याच्याच कुळातली, आणि सिट्रस सायला नावाची बारीक कीड तिच्या कोवळ्या फुटीवर फार आनंदाने वाढते. हीच कीड संत्र्यावर ग्रीनिंगचा रोग पसरवते. आणि कुंती वारंवार कापली की पुन्हा पुन्हा कोवळी फूट येते, म्हणजे किडीला सतत जेवण. सासऱ्यांच्या हातची झाडं आहेत ती, धोका कशाला घ्यायचा? ज्यांच्याकडे किंवा शेजारी संत्रं, मोसंबी, लिंबू काही नाही त्यांनी कुंती बिनधास्त लावावी. काटोल-नरखेडकडे बागा असणाऱ्यांनी मात्र घराभोवती तिचं कुंपण करू नये. शंका असेल तर अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारता येईल.

मग तुमच्यासाठी काय? बांबू. हो, सासूबाईंचं ऐकलंय मी, त्यावर येते.

बांबूचे ढोबळमानाने दोन स्वभाव. एक भुईखालून धावत सुटणारा. तो शेजारच्या पार्किंगमध्येही डोकं वर काढेल. दुसरा बेट करून राहणारा. तुम्हाला बेटाचाच घ्यायचा, आणि त्यात बांबुसा मल्टिप्लेक्स, नर्सरीत हेज बांबू म्हणून मिळतो तो. पातळ काठ्या, बारीक पानं, तळापासून दाट. जपानच्या उबदार दक्षिण भागात तो कुंपणालाच वापरतात. दहा-बारा फुटांवर शेंडा मारला की तिथे थांबतो. आपल्या जंगलातला मानवेल स्वस्त आणि काटक आहे, पण तो ऐन उन्हाळ्यात पानं गाळतो, कटांगाला काटे. आणि काचेच्या भांड्यात रिबीन बांधून मिळतो तो ‘लकी बांबू’ तर बांबू नव्हेच, ड्रॅसिना आहे तो. घेताना जातीची खात्री करा, कारण ‘गोल्डन’ या एका नावाखाली धावणारा आणि बेटाचा असे दोन्ही विकले जातात. महाराष्ट्र बांबू विकास मंडळ नागपुरातच आहे, तिथली माणसं सांगू शकतील.

तीन बेटं, एकमेकांपासून दोन फुटांवर. एरवी चार-पाच फूट अंतर ठेवतात, पण तुम्हाला पाच फुटांत दाट आडोसा हवा आहे, रांग वाढवायची नाही. दोन बाय दोन बाय दोनचे खड्डे, काळ्या मातीत रेती आणि शेणखत मिसळून. लावायचं ते पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत. एप्रिल-मेमध्ये नर्सरीवाला कितीही गळ घालो, लावू नका. पहिले दोन उन्हाळे आळ्यात भरपूर पाणी आणि वर पाचोळ्याचा थर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तुम्हाला हवी ती आठ फूट उंची आली पाहिजे. पुढे दर हिवाळ्यात तीन वर्षांवरच्या जुन्या काठ्या बुडातून काढून टाकायच्या. हे काम बहुतेक लोक करत नाहीत आणि मग बेटाचं अडगळीत रूपांतर होतं. पानं खूप गळतात, रोज झाडावं लागेल. ज्यांना रोज झाडायचं नाही त्यांनी बांबूच्या फंदात पडू नये, हे मी आधीच सांगून ठेवते.

सासूबाईंना बांबू म्हणजे तिरडी आठवते, मला समजतं. माझी आईही हेच म्हणायची. त्यांच्याशी वाद घालू नका. पाडव्याला गुढी कशाची उभारता आणि लग्नात मांडव कशाचा घालता, एवढंच सहज विचारून बघा. तरीही नको म्हणाल्या तर नको. मग त्याच जागी दोन बकुळी लावा. सदाहरित, दाट, कापून हवी तशी ठेवता येते, मुळांचा उपद्रव फायकससारखा नाही, आणि कडक उन्हाला जुमानत नाही. हळू वाढते, पाच-सहा वर्षं धीर धरावा लागेल. पण सासूबाई फुलं वेचायला स्वतः येतील त्या आडोशाशी. खरं सांगू, मला मनातून हेच जास्त आवडेल, पण तुम्हाला चहा यंदा प्यायचा आहे.

त्यासाठी तट्टा. नागपुरात बुरड काम करणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून फोडलेल्या बांबूचा पाच फूट रुंद, आठ फूट उंच तट्टा विणून घ्या, दोन बाजूंना जाड बांबूचे खांब रोवून त्याला ताराने नाही, काथ्याच्या सुतळीने बांधा. जपानात काळ्या दोरीच्या गाठी मारतात, त्या शिकायला यजमानांना बसवा, त्यांचा वेळ छान जाईल. आठ दिवसांत आडोसा तयार. दोन-तीन पावसाळे टिकेल, तोवर त्याच्यामागे बांबू वर आलेला असेल; बकुळी लावल्या तर मध्ये एकदा तट्टा बदलावा लागेल. फ्लॅटवाल्यांनी हिरवी जाळी लावतात तशी लावायचा सल्ला दिला तर हसून सोडून द्या. दगडांच्या बागेत ती जाळी बांधकाम चालू असल्यासारखी दिसते.

राहिलं कंपाउंड. ते उघडं-बोडकं नको असेल तर तिथे मेंदी किंवा कोयनेल, आपली जुनी कुंपणं. आजकाल कुणी विचारत नाही त्यांना, पण पाणी कमी, ऊन कितीही, काळी माती चालते. फक्त नेहमीसारखी सरळ रेषेत कापू नका. जपानी बागेत अझेलियाची झुडपं गोल टेकड्यांसारखी कापतात, कारीकोमी म्हणतात त्याला. मेंदीला तो आकार सुरेख येतो. तीन-साडेतीन फुटांच्या कमी-जास्त उंचीच्या पाच-सहा टेकड्या, मध्ये तुमचे दगड. कंपाउंडची भिंत झाकली जाते आणि वरचं आकाश मोकळं राहतं.

एक करा, काही विकत घ्यायच्या आधी मे महिन्यात भर दुपारी सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमध्ये चक्कर मारून या. यजमानांनाही न्या, टोपी आणि कांदा खिशात ठेवून. त्या उन्हात कोणती झाडं ताठ उभी आहेत आणि कोणत्यांनी माना टाकल्यात ते वहीत लिहून घ्या. ती यादी माझ्या यादीपेक्षा भरवशाची.

कोनोकार्पसचा विसार देऊन बसलात असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. पैसे परत मागू नका, मिळायचे नाहीत. त्याच पैशांत मेंदीची रोपं मागा; कुठल्याही नर्सरीत ती पडूनच असतात, तो खुशीने देईल.